वकिलाच्या पँटचा जिराफ

हत्तीच्या पोटावर मास्तरांचं अक्षर होतं, आणि ते नेमकं मोठ्या जावेलाच दिसलं. दुसऱ्या कोणाला दिसलं असतं तर निदान केक तरी सुखाने कापून झाला असता.

“छाती चव्वेचाळीस, पोट सेहेचाळीस, डावा खांदा पडका,” तिने मोठ्याने वाचलं. मग हत्ती उलटा केला, सुलटा केला आणि दिव्याखाली धरला. “अगं बाई! हा तर बँकवाल्याच्या कोटाचा कागद आहे!”

तोवर सगळं छान चाललं होतं. मास्तरांचा, म्हणजे धाकटीच्या शिंपी सासऱ्यांचा, पंचाहत्तरावा वाढदिवस होता. रविवारची सकाळ, दुकान बंद, कापायच्या मोठ्या टेबलावर चादर पसरलेली. धाकटीच्या दोन पोरी, सात वर्षांची टाचणी आणि चार वर्षांची बटण, चादरीच्या दोन टोकांना उभ्या राहून “एक, दोन, साडेतीन” म्हणाल्या आणि चादर ओढली. खाली कागदाचं अख्खं जंगल उभं होतं. रिळांच्या चाकांवर चालणारा हत्ती, शेपटीला चेन लावलेलं माकड, शर्टाच्या बटणांचे डोळे असलेले ससे, आणि मधोमध हातभर उंच जिराफ. त्याची मान जरा तिरकी होती, पण तो ऐटीत होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मोठे भाऊजी, जे सहसा कशालाच टाळ्या वाजवत नाहीत, त्यांनीही दोन वाजवल्या.

आणि आता मोठी जाऊ जिराफ उचलत होती.

“‘वकील. पँट. उंची बेचाळीस.’ घ्या! वकिलाची पँट चार पायांवर उभी आहे!”

धाकटीचा नवरा फिस्कन हसला. त्याला नको तिथे हसू येतं, ही त्याची जुनी खोड. बाकी कोणी हसलं नाही. धाकटीने हातातली केकची सुरी खाली ठेवली, पडदा सारून आतल्या खोलीत गेली आणि तिथेच थबकली. भिंतीवरच्या खुंट्या रिकाम्या होत्या, एकूण एक खुंट्या.

त्या खुंट्यांवर चाळीस वर्षांचे खाकी कागद टांगलेले असत. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मापाचे. तो कागद कापडावर ठेवायचा, खडूने कडेकडेने रेघ मारायची, की निम्मं काम झालं. मास्तर त्यावर कधी कोणाचं नाव लिहीत नसत, धंदा लिहीत: बँकवाला, वकील, घोड्यांचा डॉक्टर, बेकरीतला बारीक, बेकरीतला जाडा. गिऱ्हाईक जाडं-बारीक झालं की कागदाला पट्टी जोडायची किंवा कड छाटायची. माणसं म्हातारी झाली, त्यांचे कागदही ठिगळं लावत लावत म्हातारे झाले. दुकान म्हणजे हे कागद. बाकी मशीन काय, कुठेही मिळतं.

आणि हे दुकान आज तिचं होणार होतं. निदान ती तसं धरून चालली होती. आईचा हात मोडला म्हणून गुरुवारी पोरींना मागे ठेवून ती माहेरी निघाली, तेव्हा मास्तर म्हणाले होते, “रविवारी सगळे जमतील, तेव्हा दुकानाचं काय ते बोलून टाकतो.” नऊ वर्षं ती त्या दुकानात राबत होती. दोन्ही पोरी तिथेच, टेबलाखालच्या कात्रणांच्या टोपलीत लोळून मोठ्या झाल्या होत्या. बसमध्ये बसल्याबसल्या तिने पाटीचा रंगसुद्धा ठरवून टाकला होता. आज सकाळी परत येते तो हे.

ती बाहेर आली तेव्हा जाऊबाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू झालेला होता.

“मी कधीची सांगतेय, पोरींना जरा शिस्त लाव. रोज आपलं हे काप, ते चिकटव! मागे माझ्याकडे आल्या तर सोफ्याच्या उशीला डोळे शिवून गेल्या. आणि ही बघून हसते!”

उशीला डोळे शिवले होते हे खरं होतं. धाकटी हसली होती हेही खरं होतं. मिशा तर तिने स्वतः काढून दिल्या होत्या.

“चाळीस वर्षांची बाबांची मेहनत,” मोठे भाऊजी म्हणाले. त्यांनी अंगातल्या करड्या कोटाची बटणं लावली, म्हणजे आता ते ऑफिसातल्यासारखं बोलणार. “चाळीस वर्षांची मेहनत तू पोरखेळात घालवलीस. कौतुक, कौतुक म्हणून किती करायचं? काही मर्यादा?”

धाकटीला समोर फक्त दुकान दिसत होतं, आणि ते हातातून निसटताना दिसत होतं. आजच्या दिवशी! सगळ्यांच्या देखत! तिचं डोकंच फिरलं. तिने टाचणीला दंडाला धरून पुढे ओढलं.

“नियम काय आहे आपला? सांग. मोठ्याने सांग.”

“टोपलीतलं आपलं,” टाचणी म्हणाली. “टेबलावरचं आणि खुंटीवरचं दुकानाचं.”

“मग खुंटीला हात का लावलास?”

टाचणी फ्रॉकच्या कडेचा सुटलेला दोरा ओढत राहिली.

“चोरलेस का कागद?”

“नाही.”

“मग उडत आले का टेबलावर?”

टाचणीने आजोबांकडे पाहिलं. आजोबा केककडे पाहत होते. पोरीने ओठ घट्ट मिटून घेतले, आणि त्या मिटलेल्या ओठांनी धाकटीचं उरलंसुरलं भानही गेलं. तिने टाचणीच्या पाठीत एक धपाटा घातला. या पोरींवर तिने कधी हात उचलला नव्हता. तो आज उचलला, आणि तोही चारचौघांत.

टाचणी रडली नाही. रडली ती बटण, आणि अशी रडली की शेजारच्या गल्लीत ऐकू जावं.

“ताईला मारू नको! आजोबांनीच दिले! आजोबा म्हणाले कापा, आता कोणाला लागणारेत! आजोबांनीच हत्ती शिकवला! आणि आईला सांगायचं नाही म्हणाले, गंमत आहे म्हणाले!”

धाकटी हळूच मास्तरांकडे वळली.

“बाबा?”

मास्तरांनी घसा खाकरला. “सांगणारच होतो मी.”

“कधी? दुसरा धपाटा बसल्यावर?”

“अगं, असं काय बोलतेस वडीलमाणसाशी!” जाऊबाई मध्ये पडल्या.

“तुम्ही थांबा हो वहिनी. हत्तीचं वाचून झालं ना तुमचं? आता मला विचारू द्या. बाबा, कागद कोणाला लागणार नाहीत? उद्या सकाळी नऊ वाजता मला लागणार होते. का नाही लागणार?”

मास्तरांनी मोठ्या मुलाकडे पाहिलं. मोठ्या मुलाने आपल्या बायकोकडे. आणि धाकटीच्या नवऱ्याने, त्या फिस्कन हसणाऱ्या माणसाने, सरळ जमिनीकडे पाहिलं.

“हे बघ, शांतपणे ऐक,” मोठे भाऊजी म्हणाले. “बाबांचं वय झालं. दुकान कधी ना कधी बंद करायचंच होतं. शुक्रवारी आम्ही कागदपत्रं केली. गाळा माझ्या नावावर झालाय. पुढच्या महिन्यापासून औषधांच्या दुकानाला देतोय. सगळ्यांच्या संमतीने झालंय. धाकट्याचीही सही आहे.”

“अहो?” ती नवऱ्याला म्हणाली.

“बाबा म्हणाले, तू आलीस की ते स्वतः सांगतील.” त्याचा आवाज कुठल्या कुठे गेला होता. “मी म्हटलं, तिकडे तुझ्या आईचा हात मोडलेला, त्यात आणखी तुला...”

“माझ्या आईचा हात मोडला होता. माझे कान शाबूत होते.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शुक्रवारी! म्हणजे ती तिकडे आईला भरवत बसली होती, तेव्हा इकडे तिघे बापलेक सह्या करत होते. आणि सकाळी आली तेव्हा तिघांनीही तिला हसून “आलीस का?” विचारलं होतं. नवऱ्याने तर पिशवीसुद्धा हातातून घेतली होती.

“इतकं मनाला लावून घेण्यासारखं काय आहे त्यात?” मोठे भाऊजी समजूत काढायला निघाले, आणि त्यांनी समजूत काढली की काम बिघडतंच. “तू काजं-बटणं करतेस, ती घरी बसून कर. पोरींकडेही लक्ष राहील. दुकान चालत होतं ते बाबांच्या हातावर. हा कोट बघ. ऑफिसात लोक विचारतात, कुठे शिवला म्हणून. मी सांगतो, माझ्या वडिलांच्या हातचा आहे. ती सफाई दुसऱ्या कोणाला जमणारच नाही.”

धाकटीने मास्तरांकडे पाहिलं. आता बोला, असं ती नजरेने म्हणाली. आता तरी बोला बाबा, मी बोलायच्या आधी बोला.

मास्तरांनी उजवा हात हळूच टेबलाखाली घेतला.

तीन वर्षांपूर्वी त्या हाताला कंप सुटला होता. पहिल्यांदा बेकरीतल्या जाड्याचं कापड वाया गेलं, तेव्हा मास्तर आतल्या खोलीत जाऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आले नाहीत. तेव्हा ती त्यांना म्हणाली होती, “मी कापते. कोणाला कळणार नाही.” आणि खरंच तिने कोणाला कळू दिलं नाही. दुपारी शटर अर्धं ओढायचं आणि ती कापायची. बाहेर पावलं वाजली की कात्री मास्तरांच्या हातात द्यायची आणि आपण काजं करायला बसायचं. कापलं तिने, वाखाणले गेले मास्तर. तिला त्याचं वाईट वाटत नव्हतं. मास्तरांनीच तर तिला शिकवलं होतं, पोटच्या पोरीला शिकवावं तसं. तिने हे नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. पण आज तिच्या पोरीने मार खाल्ला होता आणि मास्तर मूग गिळून बसले होते, एकदा नाही, दोनदा.

“भाऊजी, कोट काढा,” ती म्हणाली.

“काय?”

“काढा म्हणते ना!”

तिचा आवाज असा होता की त्यांनी काढला. तिने कोट उलटा केला, अस्तर बाजूला सारलं आणि पाठीची शिवण टेबलावर पसरली, सशांच्या अगदी पुढ्यात.

“बाबा पाठीच्या शिवणीत एक इंच कापड सोडतात. राजा येवो नाहीतर भिकारी, एकच इंच. चाळीस वर्षांचा हात आहे तो. मोजा हे. अडीच इंच आहे. का, ते सांगू? कारण दर वर्षी तुमचं पोट पुढे जातं, आणि दर वर्षी तुम्ही येऊन म्हणता, बाबा, कापड आटलं. हा कोट मी कापला. मागच्या वर्षीचा निळाही मीच. तीन वर्षं या दुकानातून एकही कपडा बाबांनी कापलेला बाहेर गेलेला नाही. त्यांचा हात थरथरतो. तुम्हाला दिसला नाही, कारण तुम्ही येता ते केक खायला.”

मोठे भाऊजी शर्टावर उभे होते. कोट गेल्यावर त्यांचं ऑफिसही जणू गेलं. “बाबा, ही काय बोलते?”

जाऊबाईंनी पुढे होऊन ती शिवण बोटाने चाचपली. त्यांना शिवणातलं थोडंफार कळत होतं, आणि कळतं ते लपवायचा त्यांचा स्वभाव नव्हता. “अडीच आहे खरं,” त्या पुटपुटल्या. मग एकदम म्हणाल्या, “आणि आमच्या लेकाचा सूट? पदवी मिळाली तेव्हाचा?”

“तोही.”

“तो तर सगळ्यात छान बसला होता!” त्या बोलून गेल्या. नवऱ्याने डोळे वटारले, तर त्याच्यावरच उलटल्या. “माझ्याकडे काय बघता? तुम्हीच म्हणालात ना, ती नुसती मदतीला असते? असं माहीत असतं तर मी कशाला...” वाक्य पुरं न करता त्या मागे सरकल्या.

“खरं आहे,” मास्तर म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले. त्यांनी टेबलाखालचा हात वर काढून ठेवला. तो थरथरत होता, आणि त्यांनी तो थरथरू दिला.

“मला वाटलं,” ते धाकटीला म्हणाले, “दुकान तुझ्या नावावर केलं, तुझी पाटी लागली, की लोक म्हणतील, म्हाताऱ्याचं काम संपलं. मग विचारपूस होईल. मग कळेल की कधीच संपलं होतं. बंदच झालं तर कोणी विचारणार नाही. माझ्या नावाने उघडलं होतं. माझ्याच नावाने बंद व्हावं, असं वाटलं गं.”

इतकं प्रामाणिक बोलणं तिने त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. आणि ऐकून तिचा राग कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झाला.

“तुमचं नाव मी जपलं, बाबा. तीन वर्षं जपलं. आणि तुम्ही माझंच दुकान बंद केलंत, ते नाव माझ्यापासून जपायला? एकदा मला सांगितलं असतंत, तर मी पाटीवर तुमचंच नाव ठेवलं असतं. कात्री मरेपर्यंत तुमच्या हातात दिली असती. हेसुद्धा मी एकवेळ समजून घेईन, रडूनओरडून का होईना. पण पोरीच्या पाठीत धपाटा बसला, तेव्हा तुम्ही केककडे बघत होतात. ते मला नाही समजून घेता येत.”

मग ती टाचणीसमोर खाली बसली. पोरगी भिंतीला पाठ लावून उभी होती. जिथे लागलं होतं तिथे कोणी पाहू नये म्हणून असेल.

“माझं चुकलं,” धाकटी म्हणाली. “तुला आधी विचारायला हवं होतं.”

“विचारलंस तू.” टाचणीचा आवाज अगदी कोरडा होता. “पण उत्तरासाठी थांबली नाहीस.”

“नाही थांबले.”

“मला दुखलं.”

“हो गं.”

“मी अजून रागावलेय.”

“राहा. मीही रागावलेय. आपण दोघी मिळून रागावू.”

टाचणीने त्यावर थोडा विचार केला आणि मान डोलावली. तोवर मास्तर उठून तिच्याजवळ आले होते. त्यांनी हात पुढे केला, तो मध्येच राहिला.

“टाचणे, आजोबांचंही...”

“तुम्ही गंमत म्हणालात,” ती त्यांना म्हणाली. “ही गंमत नव्हती.”

मास्तर परत खुर्चीत जाऊन बसले.

धाकटी उठली. खिडकीपाशी तिचं मशीन होतं. लग्नाआधी स्वतः शिकवण्या करून घेतलेलं, लोखंडी, वजनाला पोत्याएवढं. तिने त्याची सुई काढली, दोरा काढला आणि नवऱ्याला हाक मारली.

“अहो, मशीन उचला.”

“आत्ता?”

“नाही, पुढच्या वर्षी.”

“पण कुठे न्यायचं?”

“घरी. समोर. बटण, तू रिळांचा डबा घे. टाचणी, खडू आणि टेप.”

“हे बघ, तडकाफडकी असं काही करू नकोस,” मोठे भाऊजी म्हणाले. बिनकोटाचे ते आता नुसतेच मोठे भाऊ वाटत होते, जरा घाबरलेले. “महिनाअखेरपर्यंत थांब. सतरा जणांचे कपडे पडलेत शिवायचे. लोक काय म्हणतील?”

“बाबांच्या हातावर चालतं ना दुकान? मग कापा की बसून दोघे बापलेक.”

“आपण शांतपणे बोलू,” नवरा मध्ये म्हणाला. नऊ वर्षं तो हेच म्हणत आला होता.

“तुमच्याशीही बोलायचंय मला. सहीबद्दल. ते घरी गेल्यावर, आणि शांतपणे तर मुळीच नाही. आत्ता उचला.”

त्याने एकदा बापाकडे पाहिलं, एकदा भावाकडे. मग काय वाटलं कोण जाणे, बाह्या वर केल्या, गुडघे वाकवले आणि मशीन छातीशी धरून उचललं. लाल झाला, पण खाली ठेवलं नाही. धाकटीने शटर वर ढकललं आणि उन्हात बाहेर पडली. मागे पोरी, त्यांच्या मागे मशीन. मास्तर दारापर्यंत आले आणि तिथेच थांबले.

घर रस्त्याच्या पलीकडे, पहिल्या मजल्यावर. जेमतेम पन्नास पावलं. पंचवीस झाली असतील नसतील, तोच भाजीची पिशवी घेतलेला घड्याळवाला समोरून आला. कोपऱ्यावर त्याचं टपरीएवढं दुकान होतं. तो कानाने थोडा कमी, म्हणून सगळ्यांशीच ओरडून बोलायचा.

“काय हो, मशीन घेऊन कुठे निघालात? मंगळवारी माझ्या शर्टाची ट्रायल आहे!”

धाकटी रस्त्यात थांबली. एखादी थाप मारता आली असती. तीन वर्षं सवयच होती.

“मंगळवारी समोर या, पहिल्या मजल्यावर,” ती म्हणाली. “पण आधीच सांगते, काका. तिथे मास्तर नसतील. शर्ट मी कापणार. चालत असेल तर या. नाहीतर कापड दुकानात आहे, घेऊन जा.”

घड्याळवाल्याने दारातल्या मास्तरांकडे पाहिलं. मग धाकटीजवळ सरकून त्याने आपल्या समजुतीप्रमाणे आवाज खाली केला, म्हणजे चार घरांना ऐकू जाईल एवढा ठेवला.

“अगं, ते काय आम्हाला ठाऊक नाही? तीन वर्षं झाली, माझ्या दोन्ही बाह्या सारख्या लांबीच्या येतायत!”

आणि तो पिशवी हलवत निघून गेला.

मास्तरांनी ते ऐकलं. ऐकू न जाण्यासारखं ते नव्हतंच. दारात ते चौकटीला धरून उभे राहिले, हात लपवायचंही त्यांना सुचलं नाही. धाकटीने मागे वळून पाहिलं. तिला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं, राग अजून शिल्लक होता. पण अर्धं ओढलेलं शटर, त्यामागची ती धांदल, पावलं वाजली की कात्री देणं, काजं घेऊन बसणं, हे सगळं तिच्या डोळ्यांसमोर आलं आणि तिला भर रस्त्यात हसू फुटलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसतच होती. काय झालं ते न कळता बटणही हसायला लागली, आणि मग, नाइलाजाने, टाचणी.

“हसायचं ते वर जाऊन हसा गं,” नवरा मागून कळवळला. “माझे हात तुटले!”